काताच्या रंगाची कडा

पहिला फोन केला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मे महिना. विभागातल्या कूलरमधलं पाणी संपलं होतं, ताट्या कोरड्या पडल्या होत्या आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. माझ्यापुढे एक शंभर पानी वही होती. ब्लॉक क्रमांक, वय, कुठला गाल की जीभ, ऑपरेशनची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात जुन्या केसपेपरवरून उतरवून घेतलेला फोन नंबर.

"नमस्कार, मी दवाखान्यातून बोलते आहे. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे गालाचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यांची तब्येत आता कशी आहे, विचारायला फोन केला."

पलीकडे बाई होत्या. त्या जरा थांबल्या.

"ते तर गेले ना मॅडम. पोळा झाला, अन् दुसऱ्या दिवशी. मारबत निघाली होती. रस्ते बंद होते, तर गाडीच भेटली नाही लवकर."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाल-इतवारीच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. 'इडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत हजारो माणसं तिच्यामागे चालतात, आणि शेवटी तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून ते ओरडले आहे. त्या दुपारी वहीत तारीख लिहिताना हात थांबला.

"पण तुम्ही आता काहून विचारून राहिल्या?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

मी मौखिक विकृतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी होते. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत ऑक्सिजन कमी पडला की पेशी काही विशिष्ट प्रथिनं बनवतात. ती प्रथिनं जास्त दिसली तर पुढे त्या माणसाचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये कपाटात जपून ठेवलेले होते. माणसांचं काय झालं, ते कपाटात नव्हतं. त्यासाठी फोन करावे लागत होते. हे सगळं मी त्या बाईंना कसं सांगणार होते? "पुढच्या पेशंटसाठी माहिती गोळा करतो," एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं. घ्या लिहून."

जगण्याचा आलेख ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती जिना उतरत जाणारी रेघ आठवेल. १९५८ साली कॅप्लान आणि मायर या दोघांनी ती पद्धत मांडली आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक कॅन्सरचा अभ्यास ती वापरतो. रेघ सरळ जाते आणि एखादा मृत्यू झाला की एक पायरी खाली येते. ज्यांचा पुढे पत्ता लागत नाही, त्यांच्यासाठी रेघेवर एक छोटी उभी खूण करतात. पुस्तकात हे वाचताना मला ते गणित वाटलं होतं. त्या उन्हाळ्यात कळलं की प्रत्येक पायरी म्हणजे उचलला गेलेला एक फोन आणि प्रत्येक खूण म्हणजे 'आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही'. माझ्या वहीत खुणा फार झाल्या. मजुरीची माणसं नंबर बदलतात, गाव बदलतात. खूण म्हणजे मेला असं नाही, जगला असंही नाही.

सकाळी फोन नसत, स्लाइड असत.

मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर चारेक मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा. मग त्या एका प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी टाकायची आणि शेवटी रंग. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी सगळं फिकट निळं. पहिली चांगली रंगलेली स्लाइड पाहिली तेव्हा माझ्या मनात आलेला शब्द होता 'कात'. ओल्या काताचा तो तांबूस तपकिरी रंग. पानठेल्यावरच्या पितळी भांड्यातला. ज्या माणसाच्या गालाचा तो तुकडा होता, त्याच्या केसपेपरवर लिहिलं होतं: खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण), दिवसाला आठ ते दहा, पंधरा वर्षं.

तो रंग गाठीत सगळीकडे नव्हता. गाठीच्या पेशी बेटांसारख्या वाढतात. बेटाच्या काठाला रक्तवाहिन्या, तिथे पेशी निळ्या. आत जावं तसा तपकिरी रंग गडद होत जातो. आणि मधोमध काहीच नाही, मेलेल्या पेशींचा चुरा. मेलेल्या भागाभोवती काताच्या रंगाची एक कडा. ती कडा म्हणजे गुदमरत असलेल्या, पण अजून न मेलेल्या पेशी.

हे चित्र जुनं आहे. १९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप मोजून दाखवलं होतं की रक्तापासून साधारण दीडशे मायक्रॉनच्या पुढे पेशी मरायला लागतात. दीडशे मायक्रॉन म्हणजे दोन केस शेजारीशेजारी ठेवले तर होईल एवढं अंतर. तेवढ्या वाटेत पेशी सगळा ऑक्सिजन वापरून टाकतात, पुढच्यांपर्यंत पोचतच नाही. गाठ आपल्या वेगाने वाढते, रक्तवाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत, आणि ज्या वाढतात त्याही वेड्यावाकड्या, गळक्या.

त्या कडेतलं मुख्य प्रथिन म्हणजे हिफ-१ अल्फा. त्याची गोष्ट मला इतकी आवडते की विद्यार्थ्यांना शिकवताना मी अजूनही त्यातच रमते. पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि सतत नष्ट करते. दररोज एक पत्र लिहायचं आणि पाच मिनिटांत फाडून टाकायचं, असा तो कारभार. फाडायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन असेल तर एक विकर त्या प्रथिनावर खूण करतं, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि हिफ-१ अल्फाची रवानगी पेशीच्या कचऱ्यात होते. ऑक्सिजन नसला की खूण होत नाही, पत्र फाडलं जात नाही आणि ते पोचतं थेट पेशीच्या केंद्रकात. तिथे ते शेकडो जनुकांना कामाला लावतं. ग्रेग सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ या तिघांना ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ सालचं नोबेल मिळालं. सेमेन्झा शोधत होते ते भलतंच होतं. ऑक्सिजन कमी झाला की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढून रक्तातल्या लाल पेशी का वाढतात, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणजे हे प्रथिन मुळात कॅन्सरचं नाही. ते आपल्याला उंच डोंगरावर जगवणारं आहे. गाठ ते आपल्या कामाला लावते, एवढंच.

पत्र पोचल्यावर काय होतं? ग्लूट-१ नावाची साखर आत ओढणारी दारं वाढतात, कारण ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायची तर साखर खूप लागते. त्यातून तयार होणाऱ्या आम्लाचा निचरा करायला पेशीच्या पडद्यावर कार्बोनिक अनहायड्रेज-९ उभं राहतं. आम्ही त्याला नुसतं 'सीए-नाईन' म्हणतो. पेशी आतून सुखरूप राहते, बाहेरचा शेजार आंबट होतो. नव्या रक्तवाहिन्यांसाठी हाका जातात. आणि पेशींना जागा सोडून निघायची सवय लागते. मानेतल्या गाठी त्या सवयीतून येतात.

शिवाय रेडिएशनचं गणित बिघडतं. किरणांनी पेशीच्या डीएनएला केलेली जखम ऑक्सिजन कायम करतो. ऑक्सिजन नसेल तर तेवढंच नुकसान करायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. कडेतल्या पेशी वाचतात आणि गाठ परत येते ती बऱ्याचदा त्यांच्यातून. सात केंद्रांतल्या ३९७ रुग्णांच्या डोक्या-मानेच्या गाठींत बारीक सुई घालून ऑक्सिजनचा दाब मोजलेला एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २००५ साली आला. ज्यांच्या गाठीचा जास्त भाग २.५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली होता, ते रेडिएशननंतर कमी जगले.

इतकं वाचून मला वाटलं होतं की उत्तर तयार आहे, मी फक्त नागपूरच्या ब्लॉकवर ते पुन्हा दाखवायचं. कडा जाड तर पेशंट लवकर जाणार, कडा बारीक तर जगणार.

तसं नव्हतं. २००१ साली घशाच्या कॅन्सरला रेडिएशन घेतलेल्या रुग्णांत हिफ-१ अल्फा जास्त असलेल्यांची स्थिती वाईट निघाली. पुढच्याच वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत नेमकं उलट, हिफ-१ अल्फा असलेल्यांत आजार परत येण्याचं प्रमाण कमी. २००५ साली जर्मनीत तोंडाच्या तळाच्या लहान गाठींवर अभ्यास झाला, तिथेही जास्त हिफ-१ अल्फा म्हणजे चांगलं लक्षण. २०११ साली जर्मनीतूनच तोंडाच्या कॅन्सरवर आणखी एक अभ्यास आला, त्यात हिफ-१ अल्फा आणि ग्लूट-१ दोन्ही जास्त असलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांचा कल 'जास्त म्हणजे वाईट' याच बाजूला आहे, आणि सीए-नाईन त्यातल्या त्यात स्थिर बोलतं. पण एका माणसाच्या हातात रिपोर्ट देताना कल पुरत नाही.

फरक का पडत असेल, यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. शस्त्रक्रियेत गाठ अख्खीच काढतात, तिथे कडेतली पेशी रेडिएशनला दाद देते की नाही हा प्रश्न उरत नाही. कोणी रंगलेल्या पेशींची टक्केवारी मोजतं, कोणी रंगाची तीव्रता. कोणी केंद्रकातला रंगच धरतं, कोणी बाहेरचाही. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या हातांनी शिकले. गाठ शरीरातून काढली की तिचं रक्त थांबतं, पण पेशी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडेपर्यंत जिवंत असतात आणि गुदमरत असतात. ज्या प्रथिनाचं आयुष्य मिनिटांत मोजायचं, ते त्या वेळात वाढू शकतं. तुकडा ऑपरेशन थिएटरमधून निघाला, ट्रेमध्ये राहिला, कोणीतरी जेवून आल्यावर बरणीत टाकला. तो सगळा वेळ माझ्या स्लाइडवर काताच्या रंगात दिसणार, आणि मी म्हणणार की गाठ आक्रमक आहे. माझ्या ब्लॉकपैकी किती असे असतील, हे जाणायला मार्ग नव्हता. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी हे स्पष्ट लिहिलं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हे ठेव. हेच महत्त्वाचं आहे."

आता मी रोज रिपोर्टवर सही करते आणि त्यात हिफ-१ अल्फाचा रकाना नसतो. तो नसावा, असंच माझं मत आहे, निदान आज तरी. रकान्यात असतं ते पट्टीने मोजता येणारं: गाठ किती खोल गेली, कापलेल्या कडेपासून किती मिलिमीटर दूर आहे, मानेतल्या किती लसिका ग्रंथींत पोचली, त्या ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आली का. कॅन्सरचे टप्पे ठरवण्याच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या नव्या पद्धतीत ही खोली आली. ५ मिलिमीटर, १० मिलिमीटर या तिच्या सीमा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या अभ्यासाने २०१५ साली दाखवलं की सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या लसिका ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत राहतात, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. एवढा फरक अजून कुठल्या अँटिबॉडीने घडवून आणलेला मी पाहिला नाही.

तरीही लोक विचारतात. रिपोर्ट न्यायला भाऊ येतात, मुलं येतात. खिडकीपाशी उभं राहून, कागद उलटा-सुलटा करून म्हणतात, "मॅडम, किती टक्के चान्स हाय?" मी सांगते ते सगळ्या माणसांचं मिळून असतं, आणि ते विचारतात आपल्या एका माणसाबद्दल. या दोन्हीमधली दरी मला अजून भरता आलेली नाही.

ऑक्सिजनचं ज्ञान रुग्णाच्या अंगावर वापरताना किती जपावं लागतं, याचं एक उदाहरण मी कधीच विसरत नाही. तर्क सरळ होता. रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी म्हणजे रेडिएशन निकामी, तर मग एरिथ्रोपोएटिन देऊन रक्त वाढवू. ३५१ रुग्णांवर हा प्रयोग झाला. २००३ साली निकाल आला. हिमोग्लोबिन वाढलं, आणि औषध घेतलेल्यांत गाठ जास्त वेळा परत आली. गाठीच्या पेशीच त्या औषधाला प्रतिसाद देत असाव्यात, अशी शंका पुढे आली. ज्या संप्रेरकाच्या शोधातून हिफ सापडलं, त्याच संप्रेरकाने हा धडा दिला.

डेन्मार्कने दुसरा मार्ग घेतला. निमोराझोल, आपल्याकडे जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलचं भावंड, तिथे डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनबरोबर बरीच वर्षं दिलं गेलं. गुदमरलेल्या पेशीत ते ऑक्सिजनची जागा थोडीफार भरून काढतं. आणि सर्वांत स्वस्त उपाय १९९३ च्या एका कॅनेडियन अभ्यासात आहे: रेडिएशन चालू असताना ज्यांनी सिगारेट सोडली नाही त्यांच्यातले दोन वर्षांनी ३९ टक्के जिवंत होते, ज्यांनी ओढली नाही त्यांच्यातले ६६ टक्के. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. मी हे खिडकीशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगते. "ऑपरेशन झालं, आता एखाद-दोन चालते ना?" असं विचारणाऱ्याला तर हात धरून सांगते.

पण माझं मन आता गाठीपाशी थांबत नाही. ते मागे जातं, गाठ नव्हती त्या वर्षांत.

प्रबंधासाठी मी काही तुकडे तुलनेला घेतले होते, ज्यांना कॅन्सर नव्हता पण तोंड उघडत नव्हतं. खर्रा आमच्याकडे कसा होतो, ते नागपुरात प्रत्येकाने पाहिलं आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना पन्नीत घालायचा आणि लाकडावर तळहाताने घोटत राहायचं. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा समोर घोटून मिळतो. त्यातल्या सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना दोरखंडासारखं कोलॅजेन विणायला लावतं. सुपारीत तांबं भरपूर असतं आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर तांब्यावर चालतं. ते कोलॅजेनचे धागे एकमेकांत असे गुंतवतं की शरीराला ते पुन्हा सोडवता येत नाहीत. गाल पांढरट होतो, कडक होतो, त्यातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

म्हणजे गाठ येण्याच्या कित्येक वर्षं आधी तो गाल गुदमरायला लागलेला असतो. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००८ साली अशा गालांत हिफ-१ अल्फा वाढलेलं दाखवलं, आणि ते कॅन्सरकडे जाण्याच्या वाटेवरचं असावं असं मांडलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या तुलनेच्या स्लाइड पुन्हा काढून पाहिल्या. आणखी एक दुवा मला हलवून गेला. हेच लायसिल ऑक्सिडेज गाठीतही हिफच्या हुकमाने तयार होतं, आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ते जास्त असेल तर आजार दूर पसरण्याचा धोका वाढतो, असं २००६ साली दिसलं. गाल आवळणारं आणि गाठीला प्रवासाला काढणारं विकर एकच.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ माणसांचा १७ वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला, म्हणजे पाच माणसं. सतरा वर्षं त्या घरांच्या मागे राहणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. तीन वर्षांनी फोन करून घर सापडत नव्हतं, तिथे मी होते.

गाल आवळण्याचा हा टप्पा ओळखायला अँटिबॉडी लागत नाही. स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. आणि त्याच्याही आधी तिखट बोलतं. दवाखान्यात आलेल्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "तर्री पोहे खाता येतात का?" नागपूरचा माणूस तर्री सोडतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं. बहुतेकांना आठवतं. "दोन वर्षं झाले, तर्री नाही घेत. आग होते. पोटासाठी चांगलं नसते म्हणून सोडली." पोटाचा त्यात काही संबंध नसतो.

गेल्या आठवड्यात मेडिकल चौकाजवळ पोह्याच्या गाडीवर उभी होते. शेजारी एक मुलगा, विशी-बाविशीचा, पाठीवर डिलिव्हरीची मोठी पिशवी. गाडीवाल्याने सवयीने पळी बुडवली, तर तो म्हणाला, "माह्यात नको टाकू भाऊ, साधेच दे." दात लाल होते. मी राहवलं नाही म्हणून बोलले.

"बेटा, तीन बोटं तोंडात घालून दाखव बरं."

तो हसला. मग मी दाखवलं तसं त्याने केलं. दोन गेली. तिसरं दाताला अडलं. त्याने पुन्हा जोर लावून पाहिलं, आणि मग हसू थांबलं.

"असंच असते माझं," तो म्हणाला. "आधी जायचे का तीन?"

"किती वर्षांपासून खातो?"

"दहावीपासून."

मी त्याला सगळं सांगितलं नाही. पत्र, कचरा, कडा, काही नाही. खर्रा आजपासून बंद आणि बुधवारी सकाळी माझ्याकडे यायचं, एवढंच सांगितलं. बसायला जागा नसते, लवकर ये म्हणाले. त्याने नंबर दिला. ती जुनी वही अजून माझ्या पर्समध्ये असते, मागची पानं कोरी आहेत. गाडीच्या पत्र्यावर ठेवून मी त्यात नंबर लिहिला आणि शेजारी तारीख, आणि 'दोन बोटं'.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी मी फोन केला. रिंग जात होती.

तिसऱ्यांदा उचलला. "मॅडम, ऑर्डरवर होतो. सोमवारी येऊ काय?"

"ये," मी म्हणाले. "दहाच्या आत ये."